बचावात्मक वैद्यक

रुग्णहितापेक्षा खटल्याच्या वा मारहाणीच्या भीतीने ठरणाऱ्या उपचारपद्धतीस बचावात्मक वैद्यक म्हणतात. अनावश्यक तपासण्या हे तिचे परिचित रूप. अधिक घातक रूप म्हणजे जोखमीचा रुग्ण टाळणे. अंबडसारख्या तालुक्याच्या ठिकाणी होऊ शकणारी अवघड प्रसूती भीतीपोटी जालन्यास पाठवली, तर मोलाचा वेळ वाटेतच जातो. कनिष्ठ डॉक्टर व परिचारिकाही मग झालेली चूक मोकळेपणाने सांगण्याचे टाळतात आणि केसपेपर निर्दोष दिसण्यास महत्त्व येते.

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. सर्वांना मोफत मिळणारी सेवा तीबाहेर राहिली. अशा रुग्णालयांत धास्ती मुख्यतः जमावाची असते. महाराष्ट्राने २०१० मध्ये अशा हल्ल्यांविरुद्ध ३ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद असलेला कायदा केला. तरीही मार्च २०१७ मध्ये धुळे व मुंबईतील मारहाणींनंतर राज्यभरातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले.