दोष डिस्कचा नव्हे, बैठकीचा

ब्रेक दाबल्यावर पायाखाली पेडल धडधडू लागले की कोल्हापुरात निदान ठरलेले असते: डिस्क वाकली. कारणही ठरलेले. गगनबावड्याचा नाहीतर आंबा घाट उतरताना डिस्क तापली, वर पावसाचे पाणी बसले आणि वाकली. उपाय म्हणजे उद्यमनगरात नेऊन लेथवर दोन्ही बाजूंनी फेस मारून घेणे. मिस्त्री, चालक आणि मालक या तिघांचेही यावर एकमत असते. ते एकमत पुराव्यावर टिकत नाही, असे माझे म्हणणे आहे.

आधी पूर्वपक्षाची बळकट बाजू पाहू. फेस मारल्यावर धडधड खरोखर थांबते. ज्याने रोग जातो ते औषध खरे, मग निदान खोटे कसे? पण लेथवर जाते ते वाकडेपण नव्हे, जाडीतला फरक. डिस्क नुसती डगमगत असेल, तर सरकता कॅलिपर तिच्याबरोबर इकडेतिकडे हलतो आणि पायाला फारसे कळत नाही. डिस्क कुठे जाड, कुठे पातळ असेल, तेव्हाच पिस्टन मागेपुढे ढकलला जाऊन पेडल धडधडते. त्यासाठी मिलिमीटरच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढा फरकही पुरतो. फेस मारून हा फरक जातो. तो कशाने पडला, हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

आता घाटाच्या उष्णतेचा हिशेब करू. बाराशे किलोची गाडी पाचशे मीटर खाली उतरली, तर सुमारे 59 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरली पाहिजे. पुढच्या दोन डिस्क मिळून बारा किलोच्या धरल्या आणि ही सगळी ऊर्जा क्षणात त्यांच्यातच शिरली असे मानले, तर तापमान हजार अंशांच्या आसपास जाईल. हाच आकडा धरून लोक घाबरतात. पण घाट उतरायला वीस मिनिटे लागतात. तेवढ्यात ऊर्जेचा मोठा वाटा इंजिन, टायर, मागचे ब्रेक आणि हवा घेते, आणि डिस्कही सतत गार होत असते. डिस्कच्या बिडाची घडण बदलायला सातशे अंशांच्या आसपास जावे लागते. गिअरात उतरणारी गाडी त्याच्या बरीच अलीकडे राहते. पाण्याचेही तसेच. फिरत्या डिस्कवर उडालेले पाणी सगळीकडून सारखे लागते, एका बाजूने नव्हे. घाट संपल्यावर गाडी थांबवून तापल्या चाकावर पाइप धरणे वाईटच, पण ती सवय वेगळी, घाटाचा दोष वेगळा.

मग जाडीत फरक पडतो कशाने? अमेरिकन रेसिंग अभियंता कॅरल स्मिथ यांनी वाकलेल्या डिस्कला दंतकथाच म्हटले होते. त्यांच्या मते पॅडचे द्रव्य डिस्कवर कमीजास्त चिकटते आणि ठिगळे पडतात. तापल्या ब्रेकवर पाय दाबून उभे राहणाऱ्या गाडीत हे घडतेच. पण आपल्याकडच्या पावसात मला त्याहून मोठा आरोपी दिसतो: हबवरचा गंज. हबचे तोंड आणि डिस्कची आतली बाजू यांच्यात गंजाची एक खपली अडकली, तर डिस्क तिरकी बसते. हबच्या साठ मिलिमीटर त्रिज्येवर 0.05 मिलिमीटरची उंची असेल, तर एकशे वीसच्या त्रिज्येवर ती दुप्पट, म्हणजे 0.10 होते. बहुतेक गाड्यांत डगमग याच्या आतच ठेवायची असते.

ब्रेक सुटलेला असतानाही डिस्कचा तो उंच भाग प्रत्येक फेरीत पॅडला चाटून जातो. चाकाचा परीघ 1.8 मीटर धरला, तर पाच हजार किलोमीटरमध्ये सत्तावीस लाखांहून जास्त वेळा. तेवढ्यात तिथली जाडी कमी होते आणि पेडल बोलू लागते. म्हणूनच फेस मारलेली डिस्क त्याच गंजक्या हबवर चढवली की काही महिन्यांनी तीच तक्रार परत येते, आणि मिस्त्री म्हणतो, पुन्हा वाकली. पंक्चरवाल्याकडे पान्यावर पाय देऊन नट आवळले, किंवा हवेच्या गनने एकाच दमात मारले, तरी बैठक बिघडते.

लेथचे कामही निर्दोष नसते. तीन जबड्यांच्या चकात डिस्क धरून एक बाजू कापली आणि उलटी करून दुसरी, तर दोन्ही बाजू समांतर राहतीलच असे नाही. जाडीतला फरक घालवायला गेलेली डिस्क नवा फरक घेऊन येऊ शकते. मोटरसायकलच्या पातळ स्टीलच्या डिस्कला तर लेथ दाखवूच नये.

दुसरा पक्ष म्हणेल, मग नवीच टाका. पण गंजक्या हबवर नवी डिस्कही तिरकीच बसेल. एक अपवाद मी मान्य करतो. हवेच्या पोकळ्या असलेल्या डिस्कमध्ये ओतकामाच्या वेळी कोअर सरकला, तर एक गाल जाड आणि दुसरा पातळ होतो. अशी डिस्क तापल्यावर खरोखर वाकडी होऊ शकते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांना हा दोष नवा नाही. पण तो ओतकामातला आहे, घाटातला नव्हे.

यावरून कामाचा क्रम ठरतो. आधी चाक काढून डिस्क नटांनी हबवर घट्ट बसवा, डायल गेज लावून डगमग मोजा, आणि मायक्रोमीटरने आठ ठिकाणी जाडी घ्या. मग कॅलिपर काढा. तो पाइपवर लोंबकळू न देता तारेने टांगा. डिस्क हातोड्याने ठोकून काढू नका. अनेक डिस्कना ढकल-बोल्टसाठी आटे असतात. हब वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत करा. डगमग उरली, तर डिस्क एका भोकाने फिरवून पुन्हा मोजा. जाडीतला फरक असेल, तरच कापा, आणि डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली कधीच जाऊ नका. बसवताना नट समोरासमोर, टॉर्क पान्याने, दोन टप्प्यांत आवळा.

एवढ्याला वेळ कुणाकडे आहे, हा शेवटचा आक्षेप. या तपासणीला फार तर अर्धा तास लागतो. फेस मारायला उद्यमनगरात जाऊन यायलाही त्याहून कमी लागत नाही. डायल तर या गावातल्या प्रत्येक टर्नरच्या पेटीत आहे. लेथवर डिस्क चढवण्याआधी तो हबवर टेकवला, तर निम्म्या डिस्क लेथपर्यंत जाणारच नाहीत.