दयेच्या तळ्यातून काचेच्या भांड्यात

श्रोतेहो, घरी काचेची पेटी आणून मासे पाळावेत असे ज्यांच्या मनात येते, त्यांच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो पाणी ऊबदार ठेवण्याचा. ती यातायात टाळावयाची, तर कोणता मासा निवडावा? विक्रेता सोनेरी माशाकडे बोट दाखवितो. हे उत्तर चुकीचे नाही. पण अपुरे आहे. ते अपुरे का, हे या माशाच्या इतिहासावरूनच उमगते.

या माशाचे माहेर चीन. तेथील मूळचा मासा सोनेरी नव्हेच. तो कार्पच्या कुळातील, करड्या-हिरवट रंगाचा, खाण्याचा साधा मासा. त्यांत क्वचित एखादा तांबूस रंगाचा निपजे. अशा माशांचे उल्लेख चिन राजवटीच्या, म्हणजे इ. स. २६५ ते ४२० या काळापासून आढळतात. पुढे बौद्ध भाविक त्यांना जीवदान देऊन मंदिरांच्या तळ्यांत सोडू लागले. उघड्या नदीत हा चकाकणारा जीव बगळ्यांच्या नजरेतून सुटणे कठीण. दयेच्या तळ्यात त्याचा वंश टिकला. बाराव्या शतकात हांगचौ येथे सुंग सम्राटांच्या तळ्यांतही त्याला मानाचे स्थान मिळाले.

मिंग राजवटीत, १३६८ ते १६४४ या काळात, हा मासा तळ्यातून कुंड्यांत आणि कुंड्यांतून घरात आला. १५९६ साली चांग च्यान-ते याने त्याच्यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. शिसान चेन या चिनी शास्त्रज्ञाने १९५६ साली या स्थित्यंतराचा इतिहास मांडला. तळ्यात मंद, बेढब मासा अन्नाच्या चढाओढीत मागे पडे. कुंडीत मात्र त्यालाच जपून त्याची वीण वाढविता येई. दुहेरी शेपट्या, फुगीर अंगे, बटबटीत डोळे ही सारी कुंडीची देणगी होय.

अठराव्या शतकापर्यंत हा मासा युरोपातील घरांत पोहोचला होता. लंडनचा रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने काचेच्या टाकीत दोन सोनेरी मासे, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि काही गोगलगाई एकत्र ठेवून केलेला प्रयोग १८५० साली प्रसिद्ध केला. वनस्पतीने प्राणवायू पुरवावा, गोगलगाईंनी कुजलेली पाने खावीत आणि माशांनी जगावे, असा तो समतोल होता. काचेची पेटी म्हणजे शोभेचे भांडे नव्हे, ते एक लहानसे तळे आहे, हा धडा त्यातून मिळाला. दुर्दैवाने लोकांनी भांडे उचलले आणि धडा तेथेच ठेवला!

याचे कारण या माशाची विलक्षण सोशिकता. प्राणवायू संपलेल्या थंड पाण्यातही तो काही काळ तग धरतो. ऑस्लो व लिव्हरपूल येथील संशोधकांनी २०१७ साली दाखवून दिले की, अशा वेळी अंगात साठणारे लॅक्टिक आम्ल तो अल्कोहोलमध्ये पालटून कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. पण जो सोसतो तो सुखी असतोच असे नाही. नीट जपल्यास दहा-वीस वर्षे जगणारा हा जीव गोल भांड्यात काही महिन्यांत मरतो, आणि आपण म्हणतो, मासे असतातच अल्पायुषी!

ग्वाल्हेर-इंदूरच्या श्रोत्यांनी तर एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. आपल्याकडे या माशाला पौषापेक्षा वैशाखाचे भय अधिक. दहा अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तीस अंशांच्या पाण्यात तो साडेसात मिलिग्रॅमवर येतो. म्हणून पेटी उन्हापासून दूर, पसरट तोंडाची आणि ऐसपैस असावी. मासे थोडे असावेत.

आणि निवड? लांबट अंगाचा, एकेरी शेपटीचा साधा सोनेरी मासा घ्यावा. फुगीर, दुहेरी शेपटीचे प्रकार दिसावयास मोहक. परंतु थंडी-उन्हाचे चढउतार सोसण्याची तळ्यातल्या पूर्वजांची ताकद त्यांच्यात उरलेली नाही. ती साध्या माशात अद्याप आहे. त्याला तळ्याची थोडी तरी आठवण राहील एवढी जागा देणे मात्र आपल्या हाती आहे.