उसवलेली लोकर आणि जळलेल्या छपराचे खिळे



मरियेने बाळ येशूला कशात गुंडाळले हे सांगताना आपल्या मराठी शास्त्रात, लूकच्या दुसऱ्या अध्यायात, 'बाळंते' हा शब्द आला आहे. ज्या घरात बाळंतपण झाले आहे तिथे या शब्दाचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही. बाळंते सहसा नव्या कापडाचे करत नाहीत. आजीचे जुने लुगडे किंवा आजोबांचे विरलेले धोतर फाडून करतात. नव्या कापडाची खळ तान्ह्या अंगाला बोचते, शंभर वेळा धुतलेले कापड बोचत नाही. मरियेजवळचे कापड जुने होते की नवे, हे लूक सांगत नाही. आपल्या मनात मात्र जुने लुगडेच येते. आणि गव्हाण तर उघडच वापरातली होती, काल तिच्यात वैरण होती.

यंदा महिला मंडळाने नाताळच्या भेटी बाजारातून न आणता हाताने करायचे ठरवले आहे. जुन्या सुती साड्यांच्या वाकळी, उरलेल्या कापडाच्या पिशव्या, उसवलेल्या लोकरीच्या टोप्या. त्यावर दोन हरकती आल्या. पहिली अशी की जुन्याचे करून दिले तर घेणाऱ्याला कमीपणा वाटेल. दुसरी यादीतल्या शेवटच्या ओळीबद्दल आहे, तिच्याकडे नंतर येते.

पहिली हरकत मला चुकीची वाटत नाही. दान म्हणून बटणे तुटलेले शर्ट आणि एका पायाची चप्पल आणून देणारे लोक प्रत्येक मंडळीत असतात. त्याला भेट म्हणत नाहीत, घर साफ करणे म्हणतात. मग जुन्याची भेट केव्हा होते? याचे उत्तर शोधताना मी एका काळाबद्दल वाचत गेले. त्या काळात एका अख्ख्या देशाला काही वर्षे नाताळच्या भेटी जुन्यातूनच कराव्या लागल्या होत्या.

तो देश ब्रिटन आणि काळ दुसऱ्या महायुद्धाचा. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले आणि जानेवारी १९४० पासून लोणी, साखर, बेकन रेशनवर गेले. कपड्यांची पाळी आली १ जून १९४१ ला. तो पेन्टेकॉस्टचा रविवार होता. दुकाने बंद असताना जाहीर केले म्हणजे लोक आदल्या दिवशी झुंबड करणार नाहीत, हा सरकारचा हिशेब. बातमी फुटू नये म्हणून नवी कूपनेही आधी छापली नव्हती, रेशनबुकातली मार्गारिनची न वापरलेली कूपने कपड्यांसाठी चालतील असे सांगितले. माणशी वर्षाला ६६ कूपने. पुरुषांच्या एका सुटालाच २६ जायची. पैसे असोत वा नसोत, कूपन संपले की कापड संपले. पुढे हा वाटाही कमी होत गेला, आणि कपड्यांचे रेशनिंग उठले ते थेट मार्च १९४९ मध्ये.

विणायच्या लोकरीचा दर होता दोन औंसांना एक कूपन. म्हणजे मुलाला नाताळात नवा स्वेटर द्यायचा तर आईने आपली चार-पाच कूपने त्यावर घालवायची. पण घरातला जुना स्वेटर उसवला तर एकही कूपन लागत नसे. म्हणून घराघरात उसवण सुरू झाली. हे काम ज्यांनी केले आहे त्यांना माहीत आहे की विणण्यापेक्षा त्यालाच चिकाटी जास्त लागते. आधी शिवणी उकलायच्या. मग टोक शोधून धागा ओढत जायचे. कोपरावर झिजलेला भाग तुटतो, तिथे गाठ द्यायची. निघालेली लोकर नागमोडी असते, तशीच विणली तर वीण खडबडीत येते. म्हणून ती खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लड करायची, दोन-तीन ठिकाणी सैल बांधायची, धुवायची, ओली असतानाच खाली वजन लटकवून वाळवायची. मग गुंडे. एका स्वेटरची लोकर पुरली नाही तर दुसऱ्याची जोडायची. त्या काळातल्या मुलांच्या स्वेटरवर दोन-तीन रंगांचे पट्टे दिसतात ते काही नुसत्या हौसेने आलेले नाहीत.

१९४३ मध्ये तिथल्या व्यापार खात्याने 'मेक डू अँड मेंड' नावाची पुस्तिका काढली. असलेल्यात भागवा आणि दुरुस्त करा, असा तिचा अर्थ. ठिगळ कसे लावावे, बापाच्या पँटीतून मुलाची कशी काढावी, असले सारे तिच्यात होते. खेळण्यांचे कारखाने युद्धाच्या कामाला लागले होते, त्यामुळे बाहुल्या जुन्या मोज्यांच्या आणि गाड्या लाकडाच्या तुकड्यांच्या. कागदाची इतकी टंचाई की दुकानदारांना बहुतेक माल कागदात गुंडाळून देण्याची मनाई होती. भेटीवरचा कागद काळजीपूर्वक सोडवून पुढच्या वर्षासाठी ठेवत. चर्चच्या घंटासुद्धा जून १९४० पासून मुक्या होत्या. शत्रू उतरला तरच त्या वाजवायच्या असा हुकूम होता. १९४० आणि १९४१ चे नाताळ तिथे घंटेविना गेले.

हे फार गोड करून सांगू नये. दिवसभर कारखान्यात काम करून रात्री काळ्या पडद्याआड मोजे रफू करणाऱ्या बायका कंटाळलेल्या होत्या, आणि सरकारी उपदेशाची चेष्टाही होत होती. शिवाय त्याच १९४३ साली आपल्या बंगालात दुष्काळाने लाखो माणसे मेली. तिथल्या टंचाईला रेशनिंगची शिस्त मिळाली, इथल्या भुकेला मिळाली नाही. कापडाची ओढ आपल्याकडेही होती. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होते, आणि १९४३ मध्ये कापड व सुतावर नियंत्रणाचा हुकूम निघाला. रेशनच्या कापडाच्या गोष्टी आपल्या जुन्या माणसांनी सांगितलेल्या आहेत.

मात्र एक गोष्ट तिथून घेण्यासारखी आहे. शेजारणीलाही तेवढीच कूपने मिळत, त्यामुळे उसवलेल्या लोकरीचा स्वेटर घालणे ही गरिबीची खूण उरली नाही. मुले भराभर वाढतात, कपडे आखूड होतात, म्हणून विमेन्स व्हॉलंटरी सर्व्हिस या स्त्रियांच्या स्वयंसेवी संस्थेने मुलांच्या कपड्यांची अदलाबदल केंद्रे चालवली. आपल्या मुलाला आखूड झालेले स्वच्छ, दुरुस्त केलेले कपडे घेऊन जायचे, त्यांना गुण मिळत, आणि त्या गुणांवर मोठ्या मापाचे कपडे निवडून आणायचे. कोणी कोणापुढे हात पसरत नसे. आई निवडत असे, आणि निवडणाऱ्या माणसाची मान ताठ असते.

प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात यापो गावची टबीथा, म्हणजेच दुर्कस, वारली तेव्हा विधवा पेत्राभोवती रडत उभ्या राहिल्या आणि तिने केलेले अंगरखे त्याला दाखवू लागल्या. तिने किती पैसे दिले, हे कोणी सांगत नाही. शिवण दाखवतात. कापडापेक्षा त्यावर गेलेले तास त्या बायकांना आठवत होते. माझ्यापुरते पहिल्या हरकतीचे उत्तर इथे मिळते: जुन्या वस्तूवर देणाऱ्याचे हात फिरले आणि घेणाऱ्याची मान खाली गेली नाही, तर ती भेट. नाहीतर भंगार.

आता दुसरी हरकत, आणि तिच्यासाठी त्याच युद्धातली एक रात्र. १४ नोव्हेंबर १९४० च्या संध्याकाळपासून पहाटेपर्यंत जर्मन विमानांनी कोव्हेंट्री शहरावर बाँब टाकले. पाचशेहून अधिक माणसे मेली. मध्ययुगात बांधलेले सेंट मायकेलचे कॅथेड्रल जळाले, भिंती आणि मनोरा तेवढा उभा राहिला. छपराच्या जळक्या तुळया ढिगाऱ्यात पडल्या होत्या. कॅथेड्रलचे गवंडी जॉक फोर्ब्स यांनी दोन तुळया क्रुसासारख्या पडलेल्या पाहिल्या, त्या बांधून उभ्या केल्या. आर्थर वेल्स नावाच्या पाळकांनी छपरातले तीन जुने हातघडाईचे खिळे उचलले आणि त्यांचा क्रूस केला. त्या खिळ्यांनी कित्येक शतके छप्पर धरून ठेवले होते.

सहा आठवड्यांत नाताळ आला. कॅथेड्रलचे प्रमुख पाळक रिचर्ड हॉवर्ड नाताळाच्या दिवशी त्या भग्न भिंतींतून बीबीसीच्या रेडिओवर बोलले. गायकवृंदाने कोव्हेंट्री कॅरोल गायले. हेरोदाने मारलेल्या बालकांच्या आयांचे ते अंगाईगीत आहे. शहरात ताज्या कबरी असताना हॉवर्ड म्हणाले की सूड घेण्याचा विचार मनातून काढण्याचा आमचा प्रयत्न आहे, आणि युद्धानंतर बाळ येशूला शोभेल असे अधिक दयाळू जग उभारायचे आहे. ऐकणाऱ्यांपैकी सगळ्यांना ते आवडले असेल असे मला वाटत नाही. पुढे १९४८ मध्ये त्यांनी वेदीमागच्या भिंतीवर पित्याकडे क्षमा मागणारे दोनच शब्द कोरवले. प्रभूने क्रुसावरून केलेल्या प्रार्थनेतला 'त्यांना' हा शब्द त्यांनी मुद्दाम गाळला. क्षमेची गरज एकाच बाजूला आहे असे त्यांना म्हणायचे नव्हते.

आणि भेट? १९४७ मध्ये हॉवर्ड जर्मनीतल्या कील शहरात गेले. कील हे नौदलाचे बंदर. तिथून पाणबुड्या निघत, आणि ब्रिटिश-अमेरिकन बाँबनी त्याचाही चुराडा केला होता. त्यांनी कीलच्या लोकांना खिळ्यांचा क्रूस दिला. कीलकडेही विकत घेऊन देण्यासारखे फार काही नव्हते. त्यांनी आपल्या उद्ध्वस्त सेंट निकोलस चर्चच्या ढिगाऱ्यातला एक दगड दिला. ज्या संताच्या नावाने निम्मे युरोप मुलांना भेटी देते, त्याच निकोलसचे ते चर्च. पुढे असे क्रूस बर्लिनला, ड्रेस्डेनला आणि जगात अनेक ठिकाणी गेले. त्या क्रुसात बाजारभावाने काय आहे? थोडेसे लोखंड.

आता आपली यादी. तिच्या शेवटच्या ओळीत चार वर्षांपूर्वी आपल्यातून वेगळे होऊन दुसरीकडे उपासना करू लागलेल्या अकरा कुटुंबांची नावे आहेत. बैठकीत कोणी म्हणाले, त्यांना कशाला, तेही आपल्याला काही देत नाहीत. त्यांच्यापैकी दोघी वारल्या, त्यांच्या साड्या आपल्याकडच्या नातेवाइकांच्या ट्रंकेत आहेत, आणि त्या नातेवाइकांनी स्वतःहून आणून दिल्या आहेत. त्याच साड्यांच्या वाकळी त्या घरांत जाव्यात असे महिला मंडळाचे म्हणणे आहे, आणि पाळकसाहेबांनी ती ओळ खोडलेली नाही.

ज्यांना साड्या द्यायच्या आहेत त्यांनी सुतीच द्याव्यात, धुऊन, फॉल काढून. फाटलेला भाग कापू नये, वाकळीत आतल्या थराला तो चालतो. लोकर उसवलेली नसली तरी चालेल, उसवायला आम्ही बसतो. आगमनकाळाच्या दुसऱ्या रविवारपर्यंत सारे पोचले तर टाके वेळेवर पडतील. सुया जाड लागतात, त्या आणल्या आहेत. त्या अकरा घरी वाकळी घेऊन जायला माणसे हवी आहेत. आतापर्यंत तीन नावे आली आहेत.