तहकुबी, सूट आणि दंड

सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलेल्या मोर्शी तालुक्यांतील शेती पूर्वींपासून पावसाच्या मर्जीवर चालत आली. कापूस आणि ज्वारी हीं येथील जुनीं पिकें. संत्र्यांच्या बागा मागाहून आल्या. पाऊस कधीं वेळेवर येतो, कधीं तोंड फिरवितो. सरकारी साऱ्याच्या हप्त्याची तारीख मात्र कधीं चुकत नाहीं. पीक बुडालें आणि तारीखही टळली, तर विलंबाचा दंड कोणीं सोडावा, आणि तो दया म्हणून सोडावा कीं न्याय म्हणून? वऱ्हाडच्या सारावसुलीचा इतिहास बव्हंशीं याच प्रश्नाभोंवतीं फिरतो.

इंग्रजी अंमलापूर्वीं वऱ्हाड निजामाच्या राज्यांत होता व त्याचा वसूल मक्त्यानें दिला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत पुरणमल सावकार आणि त्यामागून पेस्तनजी आणि कंपनी यांच्याकडे वऱ्हाडचे मोठे मक्ते होते. मक्तेदारानें दरबारास पैसा दिलेला असे. तो व्याजासह परत मिळविणें हाच त्याचा धंदा. अशा माणसाकडून मिळणारी सवलत सर्वस्वीं त्याच्या लहरीवर अवलंबून राही. रयतेच्या हातीं उपाय एकच, गांव सोडून परागंदा होणें. मग ओसाड पडलेलें गांव पुन्हा वसविण्यासाठीं कौल देऊन पहिलीं कांहीं वर्षें सारा हलका ठेवावा लागे. म्हणजे सवलत मिळे, पण घर उठल्यानंतर.

इ. स. १८५३ च्या मे महिन्यांत झालेल्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आला. १८६१ पासून मुंबई इलाख्याच्या धर्तीवर मोजणी व आकारणी सुरू झाली. शेताशेताची मोजणी होऊन सारा तीस वर्षांकरितां ठरला. मक्तेदाराची लहर संपली, हा लाभ थोडा नव्हे. परंतु रोख व कायमच्या साऱ्यानें एक नवी अडचण उभी केली. सरकारी विचारसरणी अशी कीं, आकार मुळांतच बेताचा आहे. चांगल्या वर्षाच्या शिलकेंतून शेतकऱ्यानें वाईट वर्षाचा सारा भरावा. हिशेब कागदावर बिनचूक होता. पण चांगल्या वर्षाची शिल्लक बहुधा सावकाराच्या वहींत जमा झालेली असे.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनीं हा हिशेब खोटा ठरविला. पहिल्या दुष्काळांत पुण्याच्या सार्वजनिक सभेनें शेतकऱ्यांचे हक्क मराठींत छापून खेडोपाडीं पोंचविले, आणि टिळकांच्या ‘केसरी’नें गुरेंढोरें विकून सारा भरूं नका असें बजावलें. याचें फळ म्हणून १८९७ सालीं सरकारनें सभेची मान्यता काढून घेतली. पुढें रमेशचंद्र दत्त यांनीं १९०० सालीं लॉर्ड कर्झन यांस उघड पत्रें लिहून सारावसुलीच्या कडकपणावर टीका केली. त्यास उत्तर म्हणून १९०२ च्या जानेवारींत प्रसिद्ध झालेल्या ठरावांत, वसूल हंगामाच्या मानानें लवचिक असावा हें तत्त्व सरकारला मान्य करावें लागलें. १९०५ च्या ठरावानें तहकुबी आणि सूट यांचे नियम अधिक स्पष्ट केले.

या दोन शब्दांतील भेद महत्त्वाचा आहे. सूट म्हणजे देणें माफ होणें. तहकुबी म्हणजे देणें कायम राहून त्याची मुदत पुढें जाणें. मुदतच पुढें गेली कीं विलंब होत नाहीं, आणि विलंब नाहीं तेथें दंडही नाहीं. म्हणून गरीब कुळास दंडमाफीच्या अर्जापेक्षां वेळेवर निघालेला तहकुबीचा हुकूम अधिक मोलाचा.

पण हा हुकूम पिकाच्या अंदाजावर अवलंबून असे, आणि अंदाज करणारे अधिकारी सरकारचेच. यांतूनच १९१८ सालीं मुंबई इलाख्यांतील गुजराती खेडा जिल्ह्यांत संघर्ष पेटला. पीक चार आण्यांहून कमी असेल तर वर्षाची वसुली तहकूब करावी असा नियम होता. शेतकरी म्हणत पीक त्याहून कमी आहे. अधिकारी म्हणत अधिक आहे. सारा न भरणाऱ्यांवर चौथाई दंड बसला, गुरें व भांडीं जप्त झालीं. गांधींच्या सत्याग्रहानंतर ज्यांची ऐपत नाहीं त्यांची वसुली तहकूब झाली.

महाराष्ट्र राज्यानें १९६६ सालीं केलेल्या जमीन महसूल संहितेंत या साऱ्या अनुभवाचें सार उतरलें आहे. कलम ७८ प्रमाणें पीक बुडाल्यास वा पूर आल्यास महसुलांत घट, तहकुबी किंवा सूट देतां येते. कलम १७४ चा दंड थकलेल्या रकमेच्या पंचवीस टक्क्यांहून अधिक असूं शकत नाहीं. तो बुद्धिपुरस्सर चुकारपणा करणाऱ्यासच लागतो, आणि तहकूब केलेल्या हप्त्यावर त्या काळापुरता मुळींच लागत नाहीं. आणेवारीची जागा आतां पैसेवारीनें घेतली आहे. ती पन्नासच्या खालीं गेली कीं सवलतींचा मार्ग मोकळा होतो.

नगरपालिकांच्या हद्दींत हाच प्रश्न ‘शास्ती’ या नांवानें उभा आहे. थकलेल्या मालमत्ताकरावर दरमहा दोन टक्के शास्ती चढते. या मानानें चार वर्षें दोन महिन्यांत ती मूळ कराइतकी होते. ती माफ करण्याची तरतूद नगरपरिषदांच्या कायद्यांत नव्हती. ती करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानें २०२५ च्या एप्रिलांत घेतला. यावर आक्षेपही आहे, व तो पोकळ नाहीं. वेळेवर कर भरणारा विचारतो कीं, माझ्या प्रामाणिकपणाचें मोल काय?

त्यास उत्तर १९६६ च्या कायद्यांतील त्या एका विशेषणांतच आहे. ज्याला भरतां येत नाहीं आणि ज्याला भरावयाचें नाहीं, अशीं हीं दोन माणसें निराळीं आहेत. त्यांची निवड न करतां सर्वांस दंड करणें हा जुलूम, आणि निवड न करतां सर्वांस माफी देणें हा प्रामाणिकावर अन्याय. ही निवड करणारा हुकूम घर उठण्यापूर्वीं निघाला, तरच कर हा मक्ता राहत नाहीं.