बरणी आणि हात

घरच्या फडताळात बरणी असतेच. कोणी तीत लोणचे घालतात, कोणी मध. अठराव्या शतकाच्या मध्यास युरोपातील काही जिज्ञासूंनी तीत वीज भरून ठेवली आणि विद्युत्‌शास्त्रास निराळेच वळण लागले. ही हकीकत आपण शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत वाचलेली असते. त्या दोन ओळींत तिचे मुख्य पात्र बहुधा गळून जाते, म्हणून ती थोड्या विस्ताराने सांगावी, असे आम्हांस वाटते. ते पात्र म्हणजे माणसाचा हात.

त्या काळी काचेचा गोल गरगरा फिरवून, त्यावर तळहात घासून वीज उत्पन्न करीत. ती उत्पन्न होई, पण टिकत नसे. वीज हा एक सूक्ष्म प्रवाही पदार्थ आहे, अशी अनेकांची समजूत होती; मग प्रवाही पदार्थ भांड्यात का साठवू नये? मात्र पंडितांचा एक नियम होता : ज्या वस्तूत वीज भरावयाची, ती राळ, मेण वा रेशीम यांच्या आधारे जमिनीपासून अलग ठेवावी, नाहीतर वीज निसटून जाईल.

११ ऑक्टोबर १७४५ रोजी पोमेरेनियातील कामिन येथील धर्माधिकारी एवाल्ड फॉन क्लाइस्ट यांनी औषधाच्या बाटलीत खिळा घालून तो विजेने भारला. बाटली हातातच होती. दुसऱ्या हाताचे बोट खिळ्याला लागताच जबर झटका बसला. त्यांनी ही वार्ता अनेकांना पत्रांनी कळविली. पण बहुतेकांना तो प्रयोग साधला नाही. बाटली हातात धरणे हाच प्रयोगाचा प्राण आहे, हे त्या पत्रांवरून वाचणाऱ्यांस नीट उमगलेच नाही.

इकडे हॉलंडातील लायडन येथे प्राध्यापक पीटर फान मुसेनब्रूक हाच विचार करीत होते. त्यांच्या प्रयोगशाळेत येणारे कुनेउस नावाचे एक वकील होते. सोबतीला कोणी नसताना त्यांनी पाण्याची बाटली हातात धरूनच प्रयोग केला. पंडितांचा नियम त्यांच्या हातून मोडला, आणि झटका बसला. मुसेनब्रूकनीही तो अनुभव घेतला. जानेवारी १७४६ मध्ये पॅरिसच्या रेओम्यूर यांस पत्र लिहून, सारे फ्रान्सचे राज्य मिळाले तरी आपण हे पुन्हा करणार नाही, असे त्यांनी कळविले. त्या पत्राचे भाषांतर करणाऱ्या आबे नोले यांनी बरणीला लायडनचे नाव दिले, आणि क्लाइस्ट मागे पडले.

नियम मोडल्याने वीज का साठली? बाटलीतील पाणी हा एक वाहक, बाहेरचा हात हा दुसरा, आणि मधे काचेचा पडदा. आत जितकी वीज जमते, तितकीच विरुद्ध जातीची वीज बाहेरच्या हातावर ओढली जाते; दोघी एकमेकींना काचेतून धरून ठेवतात. बाटली अलग ठेवली, तर ही दुसरी बाजूच उभी राहत नाही. पुढे लंडनमध्ये वॉटसन व बेव्हिस यांनी हाताच्या जागी धातूचा पत्रा बसविला, आणि फ्रँकलिन यांनी १७४७ मध्ये आतबाहेरच्या विजेचा हिशेब मांडला. आजचे धारित्र, म्हणजे कंडेन्सर, याच बरणीचा वंशज होय.

नोले यांनी राजासमोर १८० शिपायांना हातात हात देऊन उभे केले आणि एकाच बरणीने सर्वांस एकदम उडविले. दरबाराची करमणूक झाली. परंतु हा खेळ नव्हे. १७५० च्या नाताळापूर्वी दोनच दिवस, दोन मोठ्या बरण्यांनी टर्की पक्षी मारण्याच्या खटपटीत असता खुद्द फ्रँकलिन यांचाच हात मधे आला आणि ते क्षणभर बेशुद्ध झाले. ही चूक त्यांनी पत्रातून आपल्या भावास लाजत कळविली. ज्याने बरणीचे गणित सोडविले, त्यालाही तिने सूट दिली नाही.

१८९९ मध्ये कोलोरॅडो येथे टेस्ला यांनी खनिज पाण्याच्या बाटल्यांत मिठाचे पाणी भरून अशीच धारित्रे केली. हौशी मंडळी आजही घरच्या बाटल्यांनी ती करतात. त्यांना आम्ही इतकेच सुचवू : भरलेली बरणी आणि रिकामी बरणी डोळ्यांना सारखीच दिसते, आणि एकदा रिकामी केलेल्या बरणीतही थोड्या वेळाने उरलीसुरली वीज पुन्हा डोके वर काढते. पहिल्या बरणीची बाहेरची बाजू माणसाचा हात होता. पत्रा आला तो त्या हाताची सुटका करण्यासाठी. तो पुन्हा मधे घालू नये.