कर्णस्रावपरीक्षा : प्राचीन व अर्वाचीन

कानांतील स्राव तपासून रोग ठरविण्याची पद्धति पाश्चात्त्य वैद्यकाबरोबर इकडे आली, असा सामान्य समज आहे. तो अर्धाच खरा आहे, हें प्रस्तुत टिपणांत दाखवावयाचें आहे.

सुश्रुतानें उत्तरतंत्रांत कर्णरोग २८ सांगितले असून त्यांत कर्णस्राव व पूतिकर्ण हे निरनिराळे गणिले आहेत. चरकानें चारच प्रकार मानले. परंतु त्यांचीं लक्षणें देतांना स्राव पातळ असल्यास वात, पिवळा व दुर्गंधियुक्त असल्यास पित्त, पांढरा व स्निग्ध असल्यास कफ, असा निर्णय केला आहे. म्हणजे स्रावाचा वर्ण, गंध व घनता पाहून निदान करण्याची रीति येथें प्राचीनच आहे.

साधन बदललें तें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. १८८२ त झेसार यानें जखमेच्या पट्ट्यांस हिरवानिळा रंग आणणारा जंतु वेगळा केला. १८८४ त रोझेनबाख यानें पुवांतील सोनेरी व पांढरे जंतु निराळे ओळखले. त्याच वर्षीं ग्राम याची रंजनपद्धति प्रसिद्ध झाली. रंग पाहणें राहिलें; पण तो आतां कानांत नव्हे, काचेवर पाहूं लागले.

आज बाह्य कर्णमार्ग पुसून, औषधाचे थेंब घालण्यापूर्वीं, निर्जंतुक कापूसकाडीनें आंतील स्राव घेतात. कांहीं भाग रंगवून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. कांहीं पोषकद्रव्यावर एकदोन दिवस वाढवून त्यावर कोणतें औषध चालतें तें तपासतात. बुरशीनें वाहणारा कान नुसत्या दृष्टीस जंतुजन्य वाटूं शकतो, आणि तेथें प्रतिजैविक थेंब घालीत राहिल्यास बुरशी बळावते. म्हणून ही परीक्षा.

नांदेड–हिंगोली मार्गावरील आखाडा बाळापूर १९४८ पर्यंत निजामी राज्यांत होतें. त्या राज्याचें वैद्यकीय विद्यालय १८४६ पासून हैदराबादेस होतें. मराठवाड्यांतील पहिलें वैद्यकीय महाविद्यालय १९५६ सालीं औरंगाबादेस, आणि नांदेडचें १९८८ सालीं निघालें. हिंगोली जिल्हा तर १९९९ सालचा. वैद्य रोग्यापाशीं बसून जी परीक्षा करी, ती जंतुशास्त्रानें गांवापासून दूर नेली. ती शेजारच्या जिल्ह्यापर्यंत परत येण्यास शंभर वर्षें लोटलीं.

सारांश, निरीक्षणाची परंपरा आपली आहे, साधन नवें आहे, व दोहोंमधील अंतर रस्त्याचें आहे. वाहत्या कानांत तेल घालून वाट पाहण्याची रीति खेड्यांत रूढ आहे. पण स्राव दीर्घकाळ राहिल्यास पडद्यास भोंक पडून मुलाची श्रवणशक्ति कमी होते. प्रयोगशाळा दूर असली तरी नमुना घ्यावयाचा तो गांवांतच, आणि तोही थेंब पडण्यापूर्वीं. तेवढें साधलें, तरच पुढील परीक्षेस अर्थ राहतो.