बोटांना मुंग्या, मनगटात कळ : हाताचे नेहमीचे आजार आणि त्यांवरचे उपचार

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेलगत बपेरा हे गाव आहे. हा सगळा धानाचा पट्टा. पावसाळ्यात रोवणी, नंतर विळ्याने कापणी आणि जिल्ह्यातल्या अनेक घरांत विड्या वळणे, ही सारी कामे अंगठा, दोन बोटे आणि मनगटाच्या जोरावर चालतात. त्यामुळे हात दुखला की रोजी बुडते, म्हणून दुखणे अंगावर काढले जाते. काही आजारांत हाच उशीर महागात पडतो.

रात्री हात बधिर होणे

मनगटात हाडे आणि एका जाड पट्ट्यामधून जाणारा अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटे वाकवणारे नऊ स्नायुबंध आणि एक नस जाते. या नसेवर दाब आला की अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेच्या अर्ध्या भागात मुंग्या येतात. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. रात्री झोपमोड होते आणि हात झटकल्यावर बरे वाटते, ही त्याची खूण. मधुमेह, थायरॉइडची कमतरता आणि गरोदरपण यांत हा त्रास जास्त आढळतो.

सुरुवातीला रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधतात. गरज पडल्यास स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. मधुमेहींची साखर त्याने काही दिवस वाढू शकते, म्हणून डॉक्टरांना आधी सांगावे. बधिरपणा कायम राहिला, वस्तू हातातून पडू लागल्या किंवा अंगठ्याखालचा मांसल भाग सुकू लागला, तर छोट्या शस्त्रक्रियेने नस मोकळी करतात. फार उशीर झाल्यास गेलेली ताकद पूर्ण परत येईलच असे नाही.

अंगठ्याच्या मुळाशी कळ

बाळ उचलताना, कपडे पिळताना मनगटाच्या अंगठ्याकडील बाजूला कळ येते. स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ द केर्व्हेन यांनी 1895 मध्ये याचे वर्णन केले; आजाराला त्यांचेच नाव आहे. नव्या मातांमध्ये तो बराच दिसतो. अंगठ्याला आधार देणारा पट्टा, विश्रांती आणि इंजेक्शनने बहुतेकांना आराम पडतो.

बोट अडकणे

वाकवलेले बोट सरळ होताना अडकते आणि ‘खट्’ करून सुटते. हे ट्रिगर फिंगर. तळहातात स्नायुबंधावरचे आवरण जाड झाल्याने असे होते. उपचार पट्टा, इंजेक्शन किंवा छोटी शस्त्रक्रिया.

मनगटावरची गाठ

मऊ किंवा टणक, द्रवाने भरलेली गँगलियन गाठ सहसा निरुपद्रवी असते आणि कधी आपोआप जिरते. ती ठोकून फोडू नये. मात्र गाठ कसली आहे, हे एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

बांधावरून घसरल्यावर

पडताना हात टेकला की मनगटाचे हाड मोडू शकते; उतारवयातील स्त्रियांमध्ये हा धोका अधिक. अंगठ्याच्या मुळाजवळच्या स्कॅफॉइड हाडाची चीर पहिल्या एक्स-रेत दिसेलच असे नाही. दुखणे राहिले तर 10 ते 14 दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढावा. एक्स-रेआधी हात चोळू किंवा ओढू नये. घट्ट बांधलेल्या पट्टीखाली बोटे निळी, गार किंवा बधिर झाली, तर पट्टी लगेच सैल करून रुग्णालय गाठावे.

थांबू नये असे केव्हा?

हात वाकडा दिसणे, खोल जखम, बोट न हलणे, किंवा सूज, लाली आणि ताप एकत्र येणे, यांत त्याच दिवशी दाखवावे. बपेरा परिसरातील लोकांसाठी तुमसरचे उपजिल्हा रुग्णालय, पुढे भंडाऱ्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय आणि नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हे सरकारी पर्याय आहेत.

घरी काय करता येईल?

अधूनमधून दोन मिनिटे हात सैल सोडावा, काम आलटून-पालटून करावे, विळ्याला धार ठेवावी आणि मूठ जाड करावी. पकड सैल राहिली की मनगटावरचा ताणही कमी होतो. वेदनाशामक गोळ्या मनाने रोज घेऊ नयेत. पोट आणि मूत्रपिंडाला त्याचा त्रास होऊ शकतो.